पुणे–गोवा सायकलवर: औषधांची पेटी १ किलो ८०० ग्रॅम झालीय, काय काढू?

नवखा_पॅडल (कोथरूड)

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि ऑफिसातला एक मित्र सायकलने गोव्याला निघतोय. चांदणी चौक, पौड, ताम्हिणी करून पहिला मुक्काम माणगावला. पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याची फेरीबोट आणि मग समुद्राला चिकटून खाली खाली. नऊ दिवस धरलेत. माझं वय ४४. आजवरची मजल म्हणजे दर रविवारी सिंहगडाचा पायथा आणि एकदा लोणावळा. बीपीची गोळी चालू आहे, पण दोन वर्षं सगळं आटोक्यात आहे.

अडचण औषधांच्या पेटीची आहे. बायकोने यादी केली, मेहुण्याने (डॉक्टर आहे) तीत भर घातली, मित्राने मोबाईलवर बघून आणखी भर घातली. एकूण ३४ वस्तू झाल्या. काल रात्री सगळं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं तर १ किलो ८०० ग्रॅम! एवढ्यात माझे दोन दिवसांचे कपडे होतात.

आत काय काय आहे: कापसाचा मोठा गठ्ठा, डेटॉलची बाटली, हायड्रोजन पेरॉक्साइड, बँडेडचं शंभरचं पाकीट, क्रेप बँडेज, थर्मामीटर, दोन प्रकारच्या अँटिबायोटिक गोळ्या, जुलाबाच्या, उलटीच्या, अंगदुखीच्या तीन प्रकारच्या, डोळ्यांत घालायचे थेंब, कानात घालायचे थेंब, बाम, आणि ऑनलाइन मागवलेला सापाचं विष ओढून घ्यायचा पंप. हा पंप मित्राचा लाडका आहे, त्यामुळे जपून बोला.

काय ठेवू, काय काढू? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा.

कट्टर_पेठी

अहो, हिमालयात चाललाय की गोव्याला? वाटेत गावोगाव मेडिकल आहे. खिशात पैसे ठेवा आणि चार बँडेड. आमच्या वडिलांनी पुणे–पंढरपूर सायकल मारली ती धोतरावर. लागलं तर रस्त्यावरची माती लावायचे.

घाटवेडा

पेठी काका, दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायचा शोध ज्या पेठेत लागला तिथले तुम्ही, आणि दर गावाला मेडिकल उघडं असेल म्हणता?

नवखा, औषधांबद्दल मी सांगत नाही, इथे एक सिस्टर आहेत त्या सांगतील. माझं एकच: बसायच्या जागेची काळजी घ्या. माझी पहिली लांबची सफर डोक्यापासून पायापर्यंत ठणठणीत असताना चौथ्या दिवशी संपली, कारण सीटवर टेकताच येईना. पॅड असलेल्या सायकलिंग चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शिवणी मांडीत रुतून रुतून कातडी गेली, वर घाम आणि खारा वारा. येताना एस.टी.त उभ्याने आलो. व्हॅसलीनची छोटी डबी घ्या आणि सोलवटल्यावर नाही, रोज सकाळी निघायच्या आधी लावा. मुक्कामाला पोचलात की आधी आंघोळ आणि कोरडी चड्डी, चहा नंतर.

सिस्टर_निवृत्त

घाटवेड्याने माझं नाव घेतलं म्हणून लिहिते. ३१ वर्षं वॉर्डात काढली, निवृत्तीनंतर सायकल घेतली. तुमचा रस्ता मी दोनदा केलाय. एकदा नीट आणि एकदा गुडघा फोडून. फुटक्या गुडघ्याची गोष्ट आधी सांगते, कारण तुमची पेटी अगदी माझ्या त्या वेळच्या पेटीसारखी आहे.

बागमांडल्याहून बोटीत बसले, पलीकडे वेसवीला उतरले. ओहोटी होती. धक्क्याचा खालचा उतार शेवाळाने हिरवागार. बाकी सगळे सायकली हातात धरून चालत वर गेले. मी शहाणी, सीटवर बसूनच चढवायला गेले. मागचं चाक सुटलं आणि उजव्या अंगावर आपटले. गुडघा आणि कोपर सोलवटलं, वाळूचे कण आत. घाबरण्यासारखं काही नव्हतं, असली शेकडो कोपरं मी धुतलीत.

पण पेटी डाव्या पॅनियरच्या (कॅरियरला अडकवायच्या पिशवीच्या) तळाशी! वर दोन दिवसांचे कपडे, वर ओला टॉवेल. उजवा हात वाकवता येईना आणि डाव्या हाताने बक्कल उघडेना. बोटीची वाट बघत एक मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या, त्यांनी ती खटकन उघडली आणि माझे आतले-बाहेरचे सगळे कपडे त्या धक्क्यावर निघाले. पेटी सापडली. चिकटपट्टीचं रीळ मागच्या उन्हाळ्यापासून डब्यात होतं, डिंक वितळून वाळलेला. ओढली तर दोऱ्यासारखी तुटून यायची. मावशी म्हणाल्या, घरून हळद आणते. नको म्हणाले आणि घाईघाईत जे वॉर्डात कुणा पोरीने केलं असतं तर मी तिला फाडून खाल्लं असतं ते केलं. उघड्या जखमेवर कोरडा कापूस दाबला, वर रुमाल बांधला. संध्याकाळी केळशीला कोमट पाण्यात चिमटा बुडवून तो कापूस धाग्याधाग्याने काढत बसले. पाऊण तास लागला. घरमालकीण दारातून बघून दोनदा आत गेली.

तेव्हा पहिलं, तो कापसाचा गठ्ठा घरी ठेवा, दिवाळीत वातींना होईल. त्याऐवजी मेडिकलमध्ये ‘पॅराफिन गॉज’ मागा. तुपकट जाळीची पट्टी असते, एकेक वेगळ्या पाकिटात. जखमेला चिकटत नाही. चार घ्या. त्यावर ठेवायला निर्जंतुक गॉजची पाच-सहा पाकिटं आणि वर गुंडाळायला स्वतःलाच चिकटणारं बँडेज, खेळाडू वापरतात ते. कोकणातल्या दमट हवेत घामेजल्या गुडघ्यावर बँडेड दहा मिनिटं टिकत नाही. शंभरातली दहा ठेवा, बोटांसाठी.

डेटॉल आणि पेरॉक्साइड दोन्ही काढा. जखमेतली घाण औषधाने मरत नाही, पाण्याने निघते. पिण्याचं पाणी पुरे. बिसलेरीच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडा, बाटली दाबा, चांगली जोराची धार येते. वाळूचा कण दिसेनासा होईपर्यंत धुवा. दुखतं, शिव्या द्या, पण धुवा. आत राहिलेली माती पुढे पिकते, नाहीतर काळी खूण कायमची राहते. मग पोव्हिडोन आयोडिनचं मलम, छोटी ट्यूब. रक्त वाहत असेल तर मात्र धुण्याच्या आधी दाब. गॉज ठेवायचं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं तळव्याने दाबायचं. लोक अर्ध्या मिनिटाने उचलून बघतात थांबलं का. उचललं की परत सुरू.

क्रेप बँडेज राहू द्या, त्याच्याबरोबर त्रिकोणी बँडेज टाका. सायकलवरून पडताना माणूस हात पुढे टाकतो आणि गळपट्टीचं हाड मोडतं, तेव्हा हात गळ्यात अडकवायला लागतं. नाही मिळालं तर पंचा चालतो. हातमोज्यांचे दोन जोड (मित्राचं रक्त तुमच्या हाताला नको), एक छोटी कात्री, एक चिमटा.

गोळ्यांचं. अंगदुखीच्या तीन प्रकारांतली फक्त पॅरासिटामॉल ठेवा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही मंडळी दिवसभर घाम गाळून पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि तुम्हाला बीपी आहे म्हणजे तर नकोतच. अॅलर्जीसाठी सेट्रिझिन, पण रात्रीची. झोप आणते, उतारावर नको. अँटिबायोटिक काढा. लागलीच तर बघून देणारा डॉक्टर वाटेत आहे. मेहुणे रागावले तर माझं नाव सांगा. जुलाब थांबवायची गोळी ठेवलीत तरी ताप किंवा शौचातून रक्त असेल तर घ्यायची नाही, तेव्हा दवाखाना.

आणि ओआरएसच्या पुड्या, सहा. त्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला असं लिहिलेलं बघून घ्या, फळांच्या चवीचे गोड खोके नकोत. मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची. अर्धी पुडी अंदाजाने घातली असं करायचं नाही. पुडी संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे घाम आणि जुलाबाच्या दिवसांसाठी. बीपी असताना रोज हौसेने नको, त्यात मीठ असतं. तुमच्या वाटेवर डोंगर मोठे नाहीत, पण खाडी आली की खाली आणि परत वर, दिवसातून पाच-सहा वेळा. डिसेंबरात पुण्यात सकाळी हुडहुडी भरते म्हणून लोक फसतात, तिथे अकरा वाजता घामाच्या धारा असतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत? दहा वर्षं उलटली असतील तर निघायच्या आधी घ्या.

आता मुख्य. तुम्ही दिलेली यादी दोनदा वाचली. कानात घालायचे थेंब आहेत. तुमची बीपीची गोळी कुठे आहे?

सड्यावरचा

सिस्टरांनी सापाचं माझ्यासाठी सोडलेलं दिसतं. मी रत्नागिरीचा, सध्या पोटासाठी हिंजवडीत.

तो पंप परत पाठवा, पैसे मिळाले तर मिळाले. विष तसं बाहेर निघत नाही, वेळ मात्र जातो. कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीच करायचं नाही. हातातली अंगठी, घड्याळ काढायचं कारण सूज येते. चावलेला हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, १०८ ला फोन आणि सरकारी रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, पण ते शिरेतून देतात आणि त्याचीच रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून ते पेटीत ठेवायची वस्तू नव्हे.

आमच्याकडे भीती फुरशाची. वीतभर दीड वीत, कातळाच्या रंगाचं, दगडाखाली. रात्री सायकल बाजूला लावून गवतात ‘जाऊन येताना’ टॉर्च लावा. सगळ्या पेटीपेक्षा टॉर्चचा उपयोग जास्त.

विंचू दुसरा. सकाळी बूट उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालू नका. लाल विंचू चावून घाम फुटला, उलट्या व्हायला लागल्या तर तो नुसता दुखण्याचा मामला नसतो, हृदयावर येतं. तुम्ही माणगावहून निघाल तेव्हा महाड जवळच असेल. तिथल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच विंचवावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी लागू पडते हे दाखवलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली त्यांना. गोळी आपली आपण घ्यायची नाही, पण कोकणातल्या डॉक्टरांना हे माहीत असतं एवढा धीर ठेवा.

कुत्र्यांचं कुणी बोललं नाही. सायकलमागे हटकून लागतात. चावलं किंवा नुसतं दात लागून खरचटलं तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. म्हणून साबणाची एक वडी पेटीत टाका, हॉटेलात मिळते तेवढी.

नवखा_पॅडल (कोथरूड)

सिस्टर, तुमचं शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. गोळी रोज सकाळी डायनिंग टेबलावरच्या बशीत असते, म्हणून ती ‘औषध’ आहे हेच डोक्यात आलं नाही.

सगळं परत मांडलं. कापूस, डेटॉल, पेरॉक्साइड, अँटिबायोटिक, थेंब, बाम सगळं बाहेर. पॅराफिन गॉज कर्वे रोडच्या तिसऱ्या दुकानात मिळालं. वजन ५४० ग्रॅम. पंपाबद्दल मित्राशी बोलणी चालू आहेत. एका कागदावर रक्तगट, घरचा नंबर वगैरे लिहून पेटीत ठेवतोय. बरोबर ना?

सिस्टर_निवृत्त

रक्तगट लिहा, पण दवाखान्यात तो परत तपासतातच. त्याहून वर, मोठ्या अक्षरात लिहा: बीपी आहे, गोळीचं नाव आणि किती मिलिग्रॅम, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे का. तोच कागद मोबाईलच्या लॉक स्क्रीनवरही हवा, कारण पेटी तुमच्या पॅनियरमध्ये आहे हे तुम्हाला उचलणाऱ्या माणसाला माहीत नसतं. बीपीची गोळी दोन ठिकाणी विभागून ठेवा, चार-पाच दिवसांची मित्राच्या बॅगेत. एक बॅग खाडीत गेली तरी दुसरी राहते.

मित्रालाही सांगून ठेवा. डोक्यावर पडलात आणि उठून ‘काही झालं नाही’ म्हणालात तर त्याने विश्वास ठेवायचा नाही. वार कोणता, सकाळी काय खाल्लं ते विचारायचं. उत्तर चुकलं, उलटी झाली, डोकं वाढत्या क्रमाने दुखायला लागलं, झोप अनावर झाली तर सायकल तिथेच आणि गाडीने दवाखाना. हेल्मेट आपटलं असेल तर बाहेरून धड दिसलं तरी ते बाद.

घाटवेडा

आणि पेटी नक्की कुठे बांधताय?

नवखा_पॅडल (कोथरूड)

हँडलबारच्या पिशवीत, सगळ्यात वर, झिपच्या पाकिटात. आत्ता बाल्कनीत सायकल उभी करून उजवा हात पाठीमागे धरून उघडून बघितली. पहिल्यांदा एक मिनिट दहा सेकंद, पाचव्यांदा पंचवीस. शेजारचे काका विचारतायत काय चाललंय.

कट्टर_पेठी

काकांना सांगा, गोव्याला चाललोय. आणि ते उरलेलं डेटॉल टाकू नका, मी घेऊन जाईन.