पाणी, कॉफी आणि एटीएमचं बटण
युरोपात पाण्याच्या बाटल्यांवरच निम्मं बजेट वाहून जातं, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. रोमपुरतं तरी ते टळतं. तिथे रस्तोरस्ती 'नाझोनी' म्हणतात ते ओतीव लोखंडाचे बुटके नळ अखंड वाहत असतात. नाकासारख्या वाकड्या तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, वाकायलाही नको. पाणी थंडगार. तुळशीबागेतून घेतलेली आमची स्टीलची बाटली आठवडाभर त्यावरच भरली.

कॉफी उभ्यानेच घ्यायची. इटलीत बरेच ठिकाणी काउंटरचा दर वेगळा, टेबलाचा वेगळा. अमृततुल्यसमोर उभं राहून चहा मारणाऱ्या पुणेकराला ते जड जाऊ नये! कोलोसियमला महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट प्रवेश असतो, पण रांग बघूनच आमच्या हिने "पैसे भरू, उद्या येऊ" असं जाहीर केलं.

खरा फटका एटीएमवर बसतो. पैसे काढताना स्क्रीन प्रेमाने विचारते, रक्कम रुपयांत वळती करून खात्यातून कापू का? नाही म्हणायचं, युरोच निवडायचे. रुपये निवडले की दर ते यंत्रवाले ठरवतात, आणि तो बँकेच्या दरापेक्षा बहुधा वाईटच असतो. मी पहिल्याच दिवशी घाईत चुकीचं बटण दाबलं. रात्री पावती घेऊन हिशेब केला, तर दोघांच्या जेवणाचे पैसे गेले होते. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो.

आणि हो, मेतकूट न्याच. तांदूळ तिथेही मिळतो.