जवळच्या मळ्यातला पालक की शिक्क्याचा सेंद्रिय?

चिकित्सक_सूनबाई:
मंडळी, पालकावरून घरात दोन तट पडलेत. एक पालक जवळच्या मळ्यातला, सकाळी काढलेला. पिकवणारा स्वतःच विकतो आणि फवारणी करतो हेही सांगतो. दुसरा सेंद्रिय शिक्क्याचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, लांबून आलेला आणि जरा मलूल. नवरा म्हणतो, कमी प्रवास म्हणजे पर्यावरणाला कमी त्रास. सासूबाईंना औषध मारलेलं घरात नको. तुम्ही कसं ठरवता?

रोजची_भाजी:
ताजं ते खावं. शिक्का चावत नाही कोणी.

मळेकरीण:
मी स्वतः भाजी पिकवते, तीही प्रमाणपत्राशिवाय. तेव्हा माझं पारडं कुठे झुकतं ते धरूनच वाचा.

आधी तुमच्या यजमानांचं. प्रवासाचं ओझं वाटतं त्यापेक्षा बरंच कमी असतं. वेबर आणि मॅथ्यूज या संशोधकांनी २००८ मध्ये अमेरिकी घरांतल्या अन्नाचा हिशेब मांडला. हरितगृह वायूंपैकी ८३ टक्के अन्न तयार होतानाच निघतात, सगळी वाहतूक मिळून ११ टक्के, आणि त्यातला दुकानापर्यंतचा शेवटचा टप्पा जेमतेम ४. विमानाने येणारा नाजूक माल मात्र वेगळा: तेवढंच वजन तेवढंच अंतर न्यायला जहाजाच्या सुमारे ५० पट उत्सर्जन. आणि थंडीत हरितगृह तापवून पिकवलेला जवळचा टोमॅटो उन्हाच्या देशातून ट्रकने आलेल्यापेक्षा जड पडू शकतो. म्हणजे किती लांबून आलं याच्या आधी हंगामात आहे का ते बघा.

आता सासूबाई. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असं नसतं हो. तांब्याची संयुगं, गंधक, पायरेथ्रम (फुलांपासून काढलेलं कीटकनाशक) अशा काही गोष्टींना नियमांत बसवून परवानगी असते. बंदी मुख्यतः कृत्रिम रसायनांवर. तरी त्यांची भीती अगदीच पोकळ नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१२ च्या आढाव्यात सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश कमी वेळा सापडले, पोषणातला ठोस फरक मात्र दिसला नाही. २०१४ मध्ये ३४३ शोधनिबंध एकत्र तपासणाऱ्यांना सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. जीवनसत्त्वांच्या आशेने शिक्का घेऊ नका. पालकातलं क जीवनसत्त्व काढणीनंतर भराभर उतरतं, तिथे तुमचा सकाळचा पालकच पुढे. अंश कमी हवेत, एवढ्यासाठी घ्यायचा तर घ्या.

आणि त्या मळेवाल्याला विचारा ना! कुठलं औषध, शेवटचं कधी मारलं, काढणी किती दिवसांनी? प्रत्येक औषधाला फवारणी ते काढणी किमान किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं. जो तारीख सांगतो त्याच्याकडून मी खुशाल घेईन; 'काही नाही हो, सगळं नैसर्गिक' म्हणणाऱ्याचाच मला जास्त संशय येतो. शिवाय जमीन सेंद्रियकडे वळवताना साधारण दोन-तीन वर्षं अशी जातात की पद्धत सेंद्रिय असते, पण पूर्ण शिक्का मिळत नाही. त्या काळात गिऱ्हाईकाने पाठ फिरवली तर शेतकरी परत जुन्यावर येतो. हे मी जवळून पाहिलंय.

आंबटगोड:
सोड्याच्या पाण्यात भिजवलं की प्रश्न मिटला की!

मळेकरीण:
अर्धाच मिटतो. २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग झाला. खायच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन कीटकनाशकं निघाली, पण जे सालीच्या आत शिरलं होतं ते तसंच राहिलं. पालकाला तर सोलायची सोयही नाही.

चिकित्सक_सूनबाई:
विचारून आले. फवारणीची तारीख वहीत लिहिलेली निघाली, औषधाचं नावही! पालक त्याच्याकडूनच घेणार. स्ट्रॉबेरी मात्र सासूबाई म्हणतील तीच, शिक्क्याची.

मळेकरीण:
चालेल की. पालकाच्या मुळांना माती असेल तर तशीच राहू दे म्हणावं, कमी मलूल होतो.