चिंपांझी शेजारच्या टोळीला ठार का मारतात?

रानवेडा: टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात १९७४ ते १९७८ दरम्यान चिंपांझींच्या कहामा टोळीचे सगळे नर मारले गेले किंवा नाहीसे झाले. मारणारे शेजारच्या कासाकेला टोळीचे, म्हणजे पूर्वीचे सोबतीच! पण तिथे संशोधक केळी घालायचे ना? त्यावरूनच भांडणं पेटली असणार, मग दोष माणसाचाच की.

पानगळ: मीही हेच तावातावाने सांगायचे. मत बदललं युगांडातल्या न्गोगो टोळीमुळे. तिथे केळी वगैरे काही नाही. तरी दहा वर्षांत या टोळीने शेजाऱ्यांचे २१ बळी घेतले, आणि २००९मध्ये जिथे बहुतेक हल्ले झाले तोच मुलूख त्यांनी बळकावला. हद्द २२ टक्क्यांनी वाढली! त्यांची गस्त तर अंगावर काटा आणते. एरवी कलकलाट करणारे हे नर एका रांगेत, चिडीचूप, जमीन हुंगत जातात. शेजारचा एकटा सापडला तरच झडप. समोर जमाव दिसला की बहुधा काढता पाय. शूरवीर कसले! २०१४च्या अभ्यासात १८ टोळ्यांमधल्या १५२ हत्या (काही पाहिलेल्या, काही अनुमानाने किंवा संशयाने धरलेल्या) तपासल्या. माणसांच्या हस्तक्षेपाशी त्यांचा मेळ बसला नाही.

रानवेडा: बरं, केळी मागे घेतो. आणि चिंपांझींचे जवळचे नातलग, बोनोबो?

पानगळ: त्याच अभ्यासात चार टोळ्या होत्या. हत्या एकच, तीही संशयित.