बाबांची वाचा गेली आहे. स्पर्शातून त्यांच्याशी बोलता येईल का?

निशिगंधा:
बाबांना पक्षाघाताचा झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. आता घरी आणलंय. 'हो' म्हणायचं असतं तेव्हा 'नको' निघतं, बाकी शब्द जवळजवळ येतच नाहीत.

आम्ही दोघं भरपूर बोलायचो, तावातावाने भांडायचोही. पण जवळ घेणं आमच्यात नव्हतं. मी मोठी झाल्यावर बाबांनी पाठीवरून हात फिरवल्याचं मला आठवत नाही. शब्दच गेले तर त्यांच्यापर्यंत पोचायचं कशाने? मी हात हातात घेते आणि ते छताकडे बघत राहतात. आवडत नाही, समजत नाही, की हात धरलेला जाणवतच नाही? आणि हात धरल्याने खरंच काही होतं, की तो आपल्याच मनाचा समज? अनुभव असेल त्यांनी लिहा, प्लीज.

पारवा:
काळजी करू नका. संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांशिवायच असतो म्हणतात. बाबांना सगळं कळत असणार.

सिस्टरताई:
निशिगंधा, मी पक्षाघाताच्या वॉर्डात नर्स आहे. आधी हे सांग, तू कोणता हात धरतेस? उजवा असेल तर छताकडे बघण्याचं कारण कदाचित तिथेच आहे. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की उजव्या अंगाची हालचाल जाते, तशी कधी कधी जाणीवही जाते. काहींना तर उजवीकडचं दिसतही नाही. त्यामुळे डावीकडे बस, त्यांना दिसेल अशी समोरून ये आणि डावा हात धर. लुळा हात ओढून उचलायचा नाही, घरातल्या सगळ्यांना हे बजावून ठेव. खांद्याचा सांधा निसटतो आणि पुढे फार दुखतं.

मनाचा समज मुळीच नाही. २००६ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि विजेचा सौम्य झटका बसू शकतो असं सांगितलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सगळ्यात कमी दिसली. अनोळखी माणसाचा हात धरल्यावरही थोडी उतरली होती. आणि नातं जितकं चांगलं, तितका नवऱ्याच्या हाताचा गुण जास्त.

शिवाय आपल्या केसाळ त्वचेत मंद गतीचे काही मज्जातंतू असतात, मायेने फिरणाऱ्या हाताला प्रतिसाद देणारे. साधारण सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर या वेगाला ते सगळ्यात छान जागे होतात. कोपरापासून मनगटापर्यंत हात उतरायला सात-आठ सेकंद लागू देत. आपण घाईत चोळतो तसं नको. मात्र झटक्यानंतर काहींना साधा स्पर्शही आगीसारखा झोंबतो. कपाळाला आठी दिसली की थांब, आणि डॉक्टरांना सांग.

पारवा, तो ९३ टक्क्यांचा आकडा मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांवरून आला. बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही, हे शब्द एक आणि सूर दुसरंच सांगत असताना माणूस कसं ओळखतो, एवढ्यापुरतेच ते होते. सगळ्या संवादाला तो लावता येत नाही. वाचाघात झालेल्या माणसाचे शब्द हिरावले जातात ते नुकसान खरंच मोठं आहे, ते लहान करून सांगू नका. सूर आणि चेहऱ्यावरचे भाव ओळखायला मेंदूचा उजवा भाग बरंच काम करतो, म्हणून ते बऱ्याच जणांना उमगतं. त्यांच्याशी ओरडून बोलू नका. कान शाबूत आहेत.

जुना_वाटसरू:
मी स्वतः वाचाघातातून बाहेर आलोय, अजून अडखळतो. मुली, एक सांगतो. त्या काळात मला दिवसभर हात लागायचे. कूस बदलायला, पुसायला, सुई टोचायला. प्रत्येक हाताला काम असायचं आणि काम झालं की तो निघून जायचा. रात्रपाळीचा एक वॉर्डबॉय मात्र काम आटोपल्यावर हात तसाच ठेवून थांबायचा. मी बोट दाबलं की तोही दाबायचा. आजारी पडल्यापासून माझ्या म्हणण्याला आलेलं ते पहिलं उत्तर होतं. लोक येऊन हात थोपटतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत.

छताकडे मीही बघायचो. मुलाकडे बघितलं की रडू फुटायचं म्हणून. आणि केसांवरून हात फिरवलेला मला सहन व्हायचा नाही, लहान मुलासारखं केल्यासारखं वाटायचं. तुझे बाबा भांडणारे आहेत म्हणतेस, तर त्यांना हात काढून घ्यायची मोकळीक दे. तेही बोलणंच आहे.

निशिगंधा:
मी उजवाच हात धरत होते, खुर्ची त्याच बाजूला आहे म्हणून. आज डावीकडे बसले. बाबांनी आधी हात सोडवून घेतला. मी काही केलं नाही, तिथेच हात ठेवून बसले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या अंगठ्याचं नख चाचपलं. मला नखं खायची सवय आहे आणि त्यावरून मी त्यांची खूप बोलणी खाल्ली आहेत. ते रागावलेत हे मला स्पष्ट कळलं!

सिस्टर, एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही, असं ठरवू का?

सिस्टरताई:
अगं, किती छान! ठरव, पण आधी पडताळून बघ. वाचाघातात 'हो' आणि 'नाही' यांचीच गल्लत होते, मग ती बोटांतही उतरते. ज्यांची उत्तरं तुला पक्की माहीत आहेत असे प्रश्न विचार, तुझं नाव, दिवस की रात्र. जुळत नसेल तर महत्त्वाचे निर्णय त्या खुणेवर घेऊ नका, त्याऐवजी चित्रं दाखवून निवडायला सांग. वाचाउपचार सुरू झाले नसतील तर लगेच करा, स्पर्श त्याची जागा घेणार नाही. आणि हे नखाचं वाचाउपचारतज्ज्ञांना नक्की सांग. जुनी गोष्ट आठवून ती नेमकी तुझ्यापर्यंत पोचवणं, ही त्यांच्या दृष्टीने मोठी नोंद आहे.