मदत हवी आहे: स्पोर्ट्स एक्झॉस्टचं बटण बंद, तरी गाडी घुमतेच, शिवाय पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके

नमस्कार मंडळी,

बेळगावातून लिहितोय. उद्यमबागेत माझं मशिन शॉप आहे, दोन सीएनसी आणि एक म्हातारं लेथ. यंदा दिवाळीला जुना हट्ट पुरा केला. 2014 ची पोर्शे केमन घेतली, 2.7 लिटरची, सहा सिलिंडरची, पांढरी. कोल्हापूरची गाडी, मी तिसरा मालक. नंबर अजून एमएच 09 च आहे, एनओसी आणून केए 22 करायचं काम चालू आहे. घरात 'या पैशात हिंडलग्याला प्लॉट आला असता' हे रोज ऐकतोय, ते सोडा.

पहिली अडचण आवाजाची. गाडीला कंपनीचाच स्पोर्ट्स एक्झॉस्ट आहे. गिअरजवळ दोन नळकांड्यांचं चित्र असलेलं बटण आहे. दाबलं की दिवा लागतो, परत दाबलं की विझतो. आवाजात मात्र काडीचा फरक नाही. हायवेला आरपीएम दोन हजाराच्या आसपास असला की कानात असा घूंऽऽ बसतो की वंटमुरी घाट येईपर्यंत डोकं धरतं. रविवारी पहाटे साडेपाचला चोर्ल्याकडं निघालो तर शेजारचे सुभेदार काका गॅलरीत उभे. मराठा सेंटरमधून (सैन्याच्या मराठा रेजिमेंटच्या केंद्रातून) रिटायर झालेला माणूस. म्हणाले, "बाळा, आम्ही तोफखान्यात नव्हतो, इन्फंट्रीत होतो."

दुसरी रंगाची. बॉनेटवर आणि छतावर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके आलेत. धुऊन जात नाहीत, हाताला खरखर लागतात, महिन्याभरात वाढलेत. पत्रा सडायला लागला काय? बंपरला खडीचे टवके आहेत ते वेगळेच. इथल्या एकानं सांगितलं, 'नऊ एच सिरॅमिक कोटिंग मारतो, दगड बसला तरी टवका उडणार नाही', 35 हजार. दुसऱ्यानं अख्ख्या गाडीला पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) सांगितलं, पावणेदोन लाख. कुणाचं ऐकू?

रेंच_दहाचा:
अभिनंदन! आधी आवाजाचं बघू. तुमच्या गाडीत मागच्या सायलेन्सरला व्हॉल्व्ह असतात. बंद असले की धूर आतल्या लांब वाटेनं फिरून, दबून बाहेर पडतो. उघडले की जवळच्या वाटेनं सुसाट. हे व्हॉल्व्ह इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालतात आणि खुबी अशी की व्हॅक्यूम त्यांना बंद धरून ठेवतो. व्हॅक्यूम गेला की आतली स्प्रिंग त्यांना उघडते. म्हणजे नळी निसटली, चिरली किंवा उंदरानं कुरतडली की गाडी कायमची मोठ्यानं बोलणार. बटणाचा दिवा फक्त तुम्ही काय मागितलं ते सांगतो, व्हॉल्व्हनं ऐकलं का ते नाही.

गाडी रॅम्पवर घ्या, मागचा बंपर खालून बघा. इंजिन थंड असतानाच बघा, सायलेन्सरला हात लावून बोटं भाजून घेऊ नका. व्हॉल्व्हच्या डब्यापाशी बारीक काळी नळी येते, ती बसलीय का बघा. मला वेगळीच शंका आहे, पण आधी तुम्ही बघून या.

आणि एक. बटण बंद असलं तरी जोरात दाबलं की व्हॉल्व्ह उघडतात, तो बिघाड नव्हे. स्पोर्ट बटण दाबलं की एक्झॉस्टही आपोआप उघडतो. सकाळी पहिल्या स्टार्टला मिनिटभर आरपीएम चढलेला राहतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) लवकर तापावा म्हणून. तेवढा आवाज राहणारच. त्यामुळं दारात उभी करून 'गरम' करत बसू नका. चालू केली की हळू निघायचं, तेल तापेपर्यंत पाय हलका.

केए23_निपाणी:
सुभेदार काका थोर! पण गंमत सोडा, रात्री दहा ते सकाळी सहा ही कायद्यानं शांततेची वेळ. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर सायलेन्स झोन. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाजासाठी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीचा एक्झॉस्ट जसाच्या तसा असेल तर तुमची बाजू पक्की. कुणी त्यात हात घातला असेल तर केए 22 साठी गाडी दाखवायला न्यायच्या आधी निस्तरा.

लाल_माती:
रंगाचं मी सांगतो, खानापुरात पेंटिंगचंच काम करतो.

एक चुंबक घ्या आणि बॉनेटला लावून बघा. चिकटणार नाही! या गाडीचं बॉनेट आणि दारं ॲल्युमिनियमची आहेत. ॲल्युमिनियमला गंज नारिंगी येतच नाही. मग ते ठिपके आले कुठून? दिवसभर गाडी कुठं उभी असते तेवढं सांगा.

मूळ धागाकर्ता:
शॉपच्या बाहेर, पत्र्याच्या शेडखाली. कंपाउंडपलीकडं फाउंड्री आहे, दिवसभर फेटलिंग (ओतीव मालाच्या कडा ग्राइंडरनं घासणं) चालू असतं… आलं लक्षात 🤦 स्वतः लोखंडात हात घालून पोट भरतो आणि हे सुचलं नाही.

लाल_माती:
तेच. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) बसतो, रुततो आणि रात्रीच्या दवानं तिथंच गंजतो. गंजलाय तो कण, पत्रा नव्हे. उद्यमबागेतल्या पांढऱ्या गाड्या मी नुसत्या बघून ओळखतो.

आता करायचं असं. सावलीत, पत्रा गार असताना गाडी धुवा. मग आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा) मारा. लोखंड असेल तिथं जांभळे ओघळ येतील. वास घाण येतो, बायकोला लांब ठेवा. वाळू द्यायचं नाही, त्याआधी भरपूर पाणी. लागलं तर परत एकदा. उरलेलं क्ले बारनं (रुतलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ वडीनं), साबणाचं पाणी सोडत, हलक्या हातानं. आधी क्ले घेतलात तर तेच कण रंगावर घासले जाऊन रेघा उठतील. आणि हे सगळं फिल्मच्या आधी. वरनं फिल्म चिकटवली की ठिपके काचेतल्या फोटोसारखे आत कायम.

सिरॅमिकबद्दल: 'नऊ एच' हा पेन्सिलीनं ओरखडा काढायच्या चाचणीतला आकडा. कोटिंगचा थर केसापेक्षा कितीतरी पातळ. पाणी निथळतं, चिखल सुटतो, धुणं सोपं होतं, एवढं खरं. खडीला त्याचा काय उपयोग? खडी अडवायची तर पीपीएफच, टीपीयूची (लवचिक प्लॅस्टिकची), 150 ते 200 मायक्रॉनची. बारीक रेघा उन्हानं किंवा गरम पाण्यानं तिच्या तिच्या भरून येतात.

पण अख्खी गाडी कशाला? बंपर, बॉनेट, पुढची फेंडरं, आरसे, पुढच्या चाकामागची पट्टी आणि मागच्या चाकापुढचा फुगीर भाग. जांबोटी-कणकुंबी रस्त्याला दगड तिथंच बसतात. कडा आत दुमडून घ्या म्हणून बजावा. आपल्याकडची तांबडी माती उघड्या कडेला चिकटली की पांढऱ्या गाडीवर चहाच्या डागासारखी रेघ दिसते, आणि ती निघत नाही. फिल्म कापणं प्लॉटरवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशिनवर) करतात की गाडीवरच ब्लेड चालवतात, तेही विचारा. ब्लेडवाल्याकडं मी माझी स्कूटरसुद्धा देणार नाही.

शेवटचं, रंगाची जाडी मोजून घ्या. ॲल्युमिनियमवर चालणारं मीटर हवं, नुसत्या लोखंडाचं तिथं आकडाच दाखवत नाही. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन. कुठं 250-300 आला तर तो भाग पुन्हा रंगवलेला. तिथनं उद्या फिल्म काढताना रंग सोबत येऊ शकतो.

मूळ धागाकर्ता (दहा दिवसांनी):
रॅम्पवर घेतली. नळी निसटली नव्हती, कुणीतरी मुद्दाम काढून ठेवली होती. तोंडात एक स्क्रू ठासलेला, वरनं काळी टेप, दोन्ही बाजूंना. आधीच्या मालकाची करामत. स्क्रू काढले, टोकं चिरली होती म्हणून नळीचा तुकडा नवा घातला. आता बटण बंद केलं की गाडी खरंच गप्प बसते. काल सकाळी सुभेदार काकांनी फाटकाशी गाठून विचारलं, "विकलास काय रे?"

रेंच_दहाचा:
हीच माझी शंका होती, उगाच आधी आरोप नको म्हणून बोललो नव्हतो 😄 स्क्रू जपून ठेवा, शोकेसमध्ये.

मूळ धागाकर्ता:
आयर्न रिमूव्हर दोनदा मारला. बॉनेटवरनं जांभळं पाणी असं ओघळलं की पोरगं म्हणालं, पप्पा, गाडीनं जांभळं खाल्ली. ठिपके नव्वद टक्के गेले. मीटर लावलं: बॉनेट 118, छत 124, डावं दार 290. विकताना 'एक स्क्रॅच नाही' म्हणाला होता! बंपर प्लॅस्टिकचा, तिथं मीटर चालत नाही. पण टवक्यांखाली काळं प्लॅस्टिक दिसतंय, ते टचअपनं भरून मग पुढच्या भागालाच फिल्म घेतोय. दाराला नको.

आता एकच उरलं. गाडी दिवसा शॉपवरच राहणार. कव्हर घालू का?

लाल_माती:
तिथं नको. ठिणग्यांची पूड कव्हरवर बसते, वाऱ्यानं कव्हर हललं की सँडपेपर झालं. शेडची फाउंड्रीकडची बाजू पत्र्यानं बंद करा, आणि आठवड्याला एकदा नुसत्या पाण्याच्या प्रेशरनं मारा. फडकं लावायच्या आधी.