शाळेबाहेर उभे राहिलेले मास्तर: तुमचे अनुभव सांगा

चंदाताई_लंडन
लेक इथे प्राथमिक शाळेत शिकवते. काल धुवायला टाकलेल्या तिच्या जॅकेटच्या खिशातून शिक्षक युनियनचा बिल्ला निघाला आणि मी थेट १९७९ मध्ये. पश्चिम लंडनमध्ये साउथॉलला राहायचो, आपल्या लोकांची वस्ती, मी नऊ वर्षांची. २३ एप्रिलला नॅशनल फ्रंटवाल्यांची, म्हणजे गोऱ्या वंशवाद्यांच्या पक्षाची, टाऊन हॉलमध्ये सभा. निषेध म्हणून दुपारी एकलाच दुकानं बंद. बाबांनी आम्हाला घराबाहेर पडू दिलं नाही. आई तांदूळ निवडत बसली, निवडून झालेलेच पुन्हा. सकाळी कळलं, निदर्शनाला आलेला ब्लेअर पीच नावाचा मास्तर डोक्यात फटका बसून गेला. न्यूझीलंडचा, गोरा, ३३ वर्षांचा, युनियनच्या पूर्व लंडन शाखेचा अध्यक्ष. शाळा पार तिकडे बो भागात! जूनमध्ये अंत्यविधीआधी त्याला डॉमिनियन थेटरात ठेवलं होतं, आम्ही हिंदी पिक्चर बघायचो तिथेच. रांगेत पुढच्या आजींचा दुपट्टा माझ्या स्वेटरच्या बटणात अडकला, तेवढंच लख्ख आठवतं. बाबांना विचारलं, हा आपला कोण? "मास्तर," एवढंच म्हणाले.
तुमच्याकडे होते का असे कुणी?

खादाड_बोका
साउथॉल म्हणजे गरम जिलबी! बाकी नंतर वाचतो.

मिस_डी
कुकर लावून टंकतेय, चुका पोटात घाला. मी पण इथे मास्तरीण. एका पालकाने "आमच्या मुलाला इंग्रजी येणारी बाई द्या" असं लेखी दिलं होतं. शाळेच्या साहेबांनी मलाच बोलावलं, "जरा समजून घ्या." युनियनची प्रतिनिधी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, समजून कुणी घ्यायचंय ते आधी ठरवू. पत्र मागे गेलं.
७ ऑगस्ट २०२४ ला लंडनमध्येच वॉल्थमस्टोला गेले होते. बाहेरून आलेल्यांविरुद्ध दंगे करणारे येणार म्हणून दुकानांना प्लायवूड ठोकलेलं. आलं कुणीच नाही, आमचीच हीऽऽ गर्दी. शाखेचं बॅनर धरून माझा दंड दुखला. शिट्टी झाली, पळते.

रोखठोक
युनियनने पगाराचं बघावं, हे उद्योग कशाला?

मिस_डी
२०२३ ला संप करून साडेसहा टक्के घेतले की. पगार कापून घेऊन, थंडीत उभं राहून. दोन्ही जमतं आम्हाला 😀

सदू_मुलुंड
त्या पीचला मारणाऱ्याचं काय झालं?

चंदाताई_लंडन
कुणावर खटलाच नाही. पोलिसांचा आतला अहवाल २०१० ला बाहेर आला. फटका बहुधा पोलिसाचाच, असं त्यात. एकतीस वर्षं!! साउथॉलला आता त्याच्या नावाची प्राथमिक शाळा आहे.

भिवंडीकर
आमच्याकडे संघटना वगैरे नाही. बाबा मराठी शाळेत, त्यांचे दोस्त उर्दू शाळेत. १९८४ ची हिंदू-मुस्लिम दंगल दोघांनी पाहिलेली. १९८८ पासून पोलिसांतल्या खोपडे साहेबांनी दोन्ही समाजांच्या मोहल्ला कमिट्या काढल्या, त्यात दोघं. बाबा म्हणत, निम्म्या बैठका गटार तुंबलं यावरच. पण ९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या रात्री दोघं चौकात खुर्च्या टाकून बसले, मी थर्मास नेऊन दिला होता. चहात साखर नव्हती म्हणून शिव्या खाल्ल्या, अजून ऐकवतात.

खादाड_बोका
वाचलं आता. डोळे भरले राव. सॉरी जिलबीबद्दल.

चंदाताई_लंडन
अरे सॉरी काय, ये की. बिल्ला परत जॅकेटमध्येच राहिला आणि मशीनमधून निघाला, पिन वाकडी झालीये. लेकीला अजून सांगितलं नाही. पक्कड आहे का कुणाकडे?