जुरिस्डिक्शन: हद्द, अंमल की अधिकारिता?

धागाकर्ती: एका लेखाचा अनुवाद करते आहे. परकी युद्धनौका बंदरात आहे, तिच्यावर एका खलाशाने दुसऱ्याला जखमी केले, आणि स्थानिक कोर्टाला 'जुरिस्डिक्शन' नाही. मी 'अधिकारक्षेत्राबाहेर' लिहिले होते, संपादकांनी 'हद्दीबाहेर' केले. पण जहाज धक्क्यालाच बांधलेले आहे, मग हद्दीबाहेर कसे?

शब्दवेडा: हाच आक्षेप 'अधिकारक्षेत्रा'वरही येतो. क्षेत्र म्हटले की जागा आलीच. कायद्याच्या मराठीत 'अधिकारिता' आहे, तोच घ्या.

किनारा: 'अधिकारिता' किती वाचकांना कळेल? माझे आजोबा बंदरात कामाला होते. 'त्या बोटीवर आपला अंमल नाही' असे सरळ म्हणायचे.

शब्दवेडा: अंमल अरबी, हद्दही अरबी. आपला शब्द तयार असताना उसना कशाला?

किनारा: मग कायदा, वकील, फिर्याद हेही सोडा. ज्या बंदराबद्दल बोलतोय तो शब्दसुद्धा फारसी आहे. चारचौघांच्या बोलण्यात रुळला तो शब्द आपलाच.

मध्यान्ह: संपादकांची बाजू घेतो. युद्धनौका म्हणजे त्या देशाचा तरंगता तुकडा, असे शाळेत शिकलो. त्या हिशेबाने 'हद्दीबाहेर' चूक नाही.

जुना वाचक: ती कल्पना 1938 मध्येच प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या शेवटच्या अपील कोर्टाने, नाकारली. हाँगकाँगच्या पाण्यात चिनी कस्टम्सच्या सरकारी जहाजावर एका नोकराने कप्तानाला गोळी घालून मारले. जहाज परकी भूमी नव्हे, त्याला मिळते ती यजमान देशाने दिलेली सूट, आणि जहाजाचे सरकार ती सोडू शकते, असे तिथले न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी मांडले. चीनने ती सोडल्याचे धरून हाँगकाँगच्या कोर्टाने दिलेली शिक्षा कायम राहिली. त्याआधी 1812 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश मार्शल यांनी फ्रेंच युद्धनौकेबाबत हेच सूत्र धरले होते: मित्रदेशाच्या युद्धनौकेला बंदर खुले ठेवले की तिला कोर्टात न खेचण्याची संमती गृहीत असते. म्हणजे जहाज हद्दीत, कायदाही लागू, फक्त कोर्ट हात आवरते. 'हद्दीबाहेर'ने अर्थ उलटाच होतो.

धागाकर्ती: आणि तोच खलाशी रजेवर शहरात उतरून मारामारी करील तर? लेखात पुढे तेही आहे.

जुना वाचक: तिथे साधारणपणे स्थानिक कायदा चालतो. दोन देशांत करार असेल तर गोष्ट वेगळी. नाटो देशांच्या 1951 च्या करारात कर्तव्यावर असताना घडलेल्या गुन्ह्यात पहिला हक्क सैन्य पाठवणाऱ्या देशाचा, इतर बहुतेक गुन्ह्यांत यजमानाचा. दोघांनाही अधिकार, प्रश्न अग्रक्रमाचा. तिथे 'अंमल' तोकडा पडतो.

किनारा: का पडावा? 'पहिला अंमल कोणाचा' म्हणता येतेच की.

शब्दवेडा: अंमल म्हणजे सत्ता चालवणे. खटला चालवण्याचा हक्क निराळा.

मध्यान्ह: एक वेगळी शंका. युद्धनौकेवर 'खलाशी' कसा? तो मालवाहू बोटीवर. इथे 'नौसैनिक' हवा.

किनारा: खलाशी दोन्हीकडे चालतो. शिवाजी महाराजांच्या आरमारातला 'दर्यासारंग' विसरलात का? सारंग हा शब्दही जहाजावरचाच.

शब्दवेडा: सारंग फारसी 'सरहंग'वरून, तो अधिकारी. साध्या खलाशाला सारंग म्हणत नसत.

किनारा: आमच्याकडे मचव्यावरच्या म्होरक्यालाही सारंगच म्हणत. त्याच्या हाताखाली चारच माणसे असली तरी.

मध्यान्ह: मग 'तांडेल' कोण?